पंधरा हजार युरो आणि लष्कराच्या भाकऱ्या

‘स्टार रेक: इन द पर्किनिंग’ या फिनिश विनोदी सिनेमाबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत बजेट येतंच: सुमारे १५,००० युरो. आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

अहो, १५,००० युरोत अंतराळयुद्धाचा सिनेमा होत नाही. हा झाला तो सात वर्षांत. टाम्पेरे शहरातल्या सामुली तोर्सोनेननं १९९२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेची टिंगल करणारी एक छोटी अॅनिमेशन फिल्म केली, मग तिचे पुढचे भाग येत गेले. हा त्यातलाच, पूर्ण लांबीचा आणि २००५ साली आलेला. टिमो वूओरेनसोला दिग्दर्शक. नायक कॅप्टन पर्क स्वतः तोर्सोनेन, आणि इफेक्ट्सचा मोठा भारही त्याच्याच डोक्यावर. घरात निळा पडदा ताणायचा, त्यापुढे नट उभे करायचे आणि मागचं अख्खं जहाज नंतर कॉम्प्युटरवर बांधायचं. शेकडो लोकांनी हातभार लावला, बहुतेकांनी फुकट. या सगळ्यांनी तासांचं बिल लावलं असतं तर तो आकडा कोणी मथळ्यात मिरवला नसता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आणि कौतुक मात्र पीठ स्वस्त मिळाल्याचं!

सिनेमा कसा आहे? अर्धे विनोद पडेल आहेत. अभिनय हौशी. एकविसाव्या शतकात अडकलेला पर्क रशियाला हाताशी धरून पृथ्वी जिंकतो, तेवढ्यानं भागत नाही म्हणून दुसऱ्या विश्वावर चाल करून जातो. तिथे ‘बॅबिलॉन ५’ या दुसऱ्या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या विडंबनाशी गाठ. मग जी लढाई सुरू होते ती मात्र चेष्टेवारी नेलेली नाही. जहाजं फुटतात ती खरोखर फुटतात. संवाद मूर्खपणाचे आणि कारागिरी गंभीर, यातच खरं हसू आहे. त्यात फिनिश माणसांचे ते मख्ख चेहरे! ‘बजेट नव्हतं ना’ ही सबब या मंडळींनी एकाही फ्रेममध्ये वापरलेली नाही. आपल्याकडच्या काही वेबसीरिजवाल्यांनी हे जरूर बघावं. (नावं घेत नाही, मित्रयादीत आहेत.)

पुढे सिनेमा त्यांनी नेटवर फुकट सोडला, लाखो लोकांनी उतरवून घेतला, डीव्हीडीही विकल्या गेल्या. याच मंडळींचा २०१२ चा ‘आयर्न स्काय’, म्हणजे चंद्राच्या मागे लपलेले नाझी, सुमारे ७५ लाख युरोंचा. त्यातले काही लाख चाहत्यांनीच घातले. तो देखणा आहे, बर्लिनच्या महोत्सवातही गेला. पण मी पर्कवर जास्त हसलो.

इंग्रजी सबटायटल्ससह नेटवर मिळतो. सुरुवातीचा भाग जरा रेटावा लागेल, लढाई सुरू होईपर्यंत दम धरा. बजेट मात्र गूगल करू नका.