रंग चकचकीत, पत्रा मात्र गेलेला

विमानाच्या पत्र्याआडचा गंज थर्मल कॅमेऱ्याने शोधतात, हा लेख आवडला. पण ‘गंजलेला भाग गरम दिसतो’ एवढ्यावरच भागवलंय. तो आपोआप गरम नसतो हो! आधी दिव्याचा जोरदार झोत टाकून पत्रा तापवावा लागतो. गंजाने पातळ झालेल्या जागी उष्णता मुरायला धातूच कमी, म्हणून ती जागा क्षणभर जास्त तापलेली दिसते. क्षणभरच, कारण ॲल्युमिनियममध्ये उष्णता लगेच पसरते. त्यासाठी सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो. शिवाय उघडं ॲल्युमिनियम आरशासारखं. त्यात आजूबाजूचीच उष्णता दिसते. तिथे धुता येणारा काळा रंग फासतात.

२०१९ च्या पुरात सांगलीत आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. पुढच्या वर्षी दाराखाली रंगाला हरभऱ्याएवढा फोड आला. मिस्त्रींनी पेचकसाची मूठ ठोकली, आवाज बद्द! टोक लावलं तर आरपार. विमानातही गंज धातूपेक्षा जास्त जागा खातो आणि रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो.

१९८८ साली हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत २४,००० फुटांवर उडालं, एक हवाई सेविका गेली. बेटाबेटांत ८९,००० हून जास्त फेऱ्या, खारी हवा, सुटलेले सांधे. लेखात याचा उल्लेख हवा होता.

आणि खोलवरच्या थरातला गंज या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, तिथे एडी करंट (चुंबकाने धातूत वीज फिरवून करायची तपासणी) किंवा एक्स-रेच लागतो.