वंशावळी जुळत नाहीत, मग वाचायच्या कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: बायबलमधील दोन शुभवर्तमानांचे (येशूच्या चरित्रांचे) लेखक मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत, जुळल्या असत्या तरी येशू हा मरीयेचा पती योसेफ याचा औरस पुत्र नव्हे, असे शुभवर्तमानच सांगते, तेव्हा ही नावांची जंत्री ओलांडून पुढे गेले तर काही बिघडत नाही.

पहिला मुद्दा मला मान्यच आहे. मत्तयाच्या यादीत योसेफाचा बाप याकोब, लूकच्या यादीत एली. एक वंश दावीद राजाकडून त्याचा मुलगा शलमोन याच्याकडे जातो, तर दुसरा शलमोनाचा भाऊ नाथान याच्याकडे. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने, निपुत्रिक वारलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करून त्याचा वंश चालवण्याच्या यहुदी नियमाचा आधार घेतला आणि एक बाप जन्मदाता, दुसरा कायद्याने, असा मेळ घातला. युक्ती चतुर आहे, पण मला पटत नाही. लूकची यादी खरे तर येशूची आई मरीया हिची, हे स्पष्टीकरण त्याहून दुबळे, कारण त्या यादीत लूक तिचे नावही घेत नाही.

मात्र यावरून याद्या निरर्थक ठरत नाहीत. वंशावळ ही त्या समाजात हक्काची बाब होती. बाबेलच्या बंदिवासातून (यहुद्यांना बाबेलमध्ये नेऊन ठेवले होते, त्या काळातून) परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणातून वगळले, असे बायबलच्या जुन्या करारातील एज्रा या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जात पडताळणीसाठी वंशावळ जुळवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. येशू हा दाविदाचा वारस, असा हक्क मत्तयही मांडतो, आणि त्यासाठी यादीला उघडपणे कात्री लावतो. योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे त्याने गाळले आहेत. जुन्या करारातील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ते ओळीने आहेत, तेव्हा शास्त्र जाणणाऱ्या वाचकाच्या हे लक्षात येणारच. अब्राहाम, दावीद, बंदिवास आणि ख्रिस्त या टप्प्यांमध्ये 14-14 पिढ्या बसवण्यासाठी हे केलेले दिसते. तरीही बंदिवासाच्या वेळचा राजा यखन्या याला दोनदा धरल्याशिवाय शेवटच्या गटात 13 च नावे भरतात.

कात्री लावणाऱ्याने काय ठेवले, हे त्याहून बोलके आहे. सारा, रिबेका, लेआ या मान्यवर माता यादीत नाहीत. आहेत त्या तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाब देशाची रूथ आणि ‘उरीयाची बायको’. सासरा यहूदा याने आपल्याला धाकट्या मुलाची बायको करण्याचा शब्द पाळला नाही, म्हणून तामारेने वेश्येचा बुरखा घेतला आणि त्याची मोहर, दोर व काठी गहाण म्हणून ठेवून घेतली. पुढे तिला जाळायला काढले, तेव्हा याच तीन वस्तूंनी तिचा जीव वाचवला. दाविदाने बथशेबेला आपली करून तिचा नवरा उरीया याला मारवले होते; तिचे नाव टाळून मत्तय त्या नवऱ्याचे नाव घेतो, म्हणजे दाविदाचा गुन्हा त्याच्याच वंशावळीत नोंदवून ठेवतो. घराण्याची प्रतिष्ठा मिरवायची असती, तर हे चारही उल्लेख सहज वगळता आले असते.

लूक मात्र येशूपासून उलटा निघून आदामापर्यंत आणि तिथून देवापर्यंत पोहोचतो. ही यादी त्याने बाप्तिस्म्यानंतर, ‘तू माझा पुत्र आहेस’ या स्वर्गातून आलेल्या वाणीच्या लगोलग ठेवली आहे.

उरला योसेफाचा मुद्दा. ‘अमक्याला अमका झाला’ अशी चालत आलेली ओळ मत्तय नेमकी योसेफापाशी मोडतो: तो मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला. म्हणजे आपली शंका त्याला ठाऊक होती. तिचे उत्तर तो पुढच्या आठ वचनांत देतो, ज्यांच्या शेवटी योसेफ मुलाचे नाव ठेवून त्याला आपल्या घराण्यात घेतो. आपण म्हणता तशी यादी ओलांडून थेट मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील 18 व्या वचनावर गेले, तर दोनच वचनांनंतर देवदूत एका साध्या सुताराला ‘दाविदाच्या पुत्रा’ अशी हाक का मारतो, हे कळायला तिथे दुसरा मार्ग नाही.