भिंतीच्या रंगाने मन पालटते का?

‘घराचे रंग बदला, मन बदलेल’ अशा आशयाचा एक संदेश सध्या गोव्यातील मराठी गटांतून फिरत आहे. गुलाबी भिंत राग शमवते, निळ्या खोलीत गाढ झोप लागते, चार कुंड्या हवा शुद्ध करतात आणि पणजीच्या फोंताईनसमधील रंगीत घरे आपल्या पूर्वजांच्या मानसशास्त्राची साक्ष देतात, असे त्यात ठासून सांगितले आहे.

गुलाबी रंगाच्या दाव्याचे मूळ १९७९ सालचे आहे. सिएटल येथील नौदलाच्या कारागृहात एक कोठडी त्या रंगाने रंगवल्यावर कैदी निवळल्याचे सांगण्यात आले. परंतु पुढे स्वित्झर्लंडमधील तुरुंगात गुलाबी आणि साध्या कोठड्यांची रीतसर तुलना झाली, तेव्हा कैद्यांच्या आक्रमकतेत फरक आढळला नाही.

निळा रंग अनेकांना आवडतो, एवढे खरे. मात्र १९९४ च्या एका परिचित अभ्यासात भावनांवरचा अधिक प्रभाव रंग कोणता यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक आहे याचा दिसला. शिवाय झोपेचा संबंध भिंतीपेक्षा दिव्याशी अधिक आहे: रात्रीच्या प्रखर, निळसर पांढऱ्या प्रकाशाने मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचे स्रवणे मंदावते, आणि निळ्या भिंतीखाली तसलीच ट्यूब अकरापर्यंत जळत असेल तर रंगाऱ्याला दिलेले पैसे वायाच गेले म्हणायचे.

कुंड्यांचा दावा नासाच्या १९८९ च्या प्रयोगावर उभा आहे, पण तो बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मधील एका आढाव्यानुसार, नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी साधायला दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीत नव्वदच्या वर. झाडे डोळ्यांना सुखावतात म्हणून अवश्य ठेवावीत. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे आधी ओल आणि बुरशी आवरावी, कारण त्यांचा दमा व श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नोंदवला आहे.

राहिला पूर्वजांचा मुद्दा. चुन्यात पिवडी, काव किंवा नीळ मिसळून पावसाळ्यानंतर भिंती पुन्हा रंगवल्या जात, कारण पाऊस रंग धुऊन नेत असे आणि चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देत असे. यात शहाणपण आहेच. फक्त ते हवामानाचे आहे.

मनाशी खरा संबंध असलेली गोष्ट या संदेशाने वगळलीच आहे. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका इस्पितळातील पित्ताशय-शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, घरांवरचाही नाही. तरीही दृश्य, उजेड आणि वारा यांना रंगाआधी स्थान द्यावे असे मला वाटते. जुन्या गोमंतकीय घराचे राजांगण, म्हणजे घरामधले उघडे अंगण, किंवा दारापुढचा सोपो, म्हणजे बसायचा कट्टा, हे तिन्ही देतो, वर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला जागाही देतो. पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमध्ये आपण नेमकी हीच जागा, म्हणजे बाल्कनी, काचा सरकवून बंद करतो आणि तिथे कपाट ठेवतो. अंतर्सजावटीसाठी पैसे बाजूला काढलेच असतील, तर आधी ते कपाट हलवावे आणि काचेऐवजी पावसाची झड अडवणारी, वारा खेळता ठेवणारी झडप बसवून घ्यावी.