माझ्या नायिकेची कंबर कुणी कापली?

दिवाळी अंक हातात आला आणि डोकंच फिरलं. माझ्या कथेतली सुलभा पन्नाशीची, चांगली जाडजूड, दोन जिने चढताना धापा टाकणारी बाई. तिच्या वजनावर कथा नाहीच. भावाशी शेताच्या वाटणीवरून भांडते, त्याची कथा आहे. आणि शेजारच्या पानावर चित्र कुणाचं? पंचविशीतली, पदर वाऱ्यावर सोडलेली, मुठीत मावेल अशा कमरेची मुलगी! चित्रकाराने कथा वाचली नसेल, संपादकांनी तर वाचली होती ना? ब्लाउज घट्ट झाला म्हणून सुलभा शिवण उसवत बसते आणि तेव्हाच भावाचा फोन येतो, तो अख्खा परिच्छेद त्यांनी न विचारता उडवला. जिन्यावरची धापही गायब. फोन केला तर म्हणे, "मॅडम, सणाचा अंक आहे, वाचकाला प्रसन्न वाटायला हवं." जाड बाई दिसली की सण नासतो? अहो, हा अंक विकत कोण घेतं? आमच्यासारख्याच बायका घेतात!

आमच्या कथांत जाड बाई चालते, पण खुर्ची मोडायला आणि जिलब्या हाणायला. सावळी मुलगी 'नाकीडोळी नीटस' असल्याशिवाय तिच्यावर कुणी प्रेम करत नाही. लंगडणारा माणूस एकतर कपटी, नाहीतर शेवटच्या पानावर मरून बाकीच्यांना शहाणं करणारा. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आमच्या कथा बहुतेक कुबडी आणि काळ्या चष्म्यापाशीच अडकल्यात.

छापण्याआधी तपासायला प्रूफ मागितलं होतं, तर "वेळ नव्हता." जाहिरातदाराला बरं वेळेवर जातं! कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की लेखनाची मोडतोड होऊन नावाला बाध आला तर लेखक दाद मागू शकतो, हक्क विकले असले तरी. पण वकिलाची फी कुठून आणू? मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळालीय! १९०९च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची परंपरा म्हणून संपादकीयात मिरवायचं, कागदवाल्याला, छापखान्याला, टपालाला पैसे मोजायचे आणि लिहिणाऱ्याला म्हणायचं, "आपले ऋणानुबंध आहेत." कथासंग्रह घेऊन जावं तर प्रकाशक विचारतो, स्वतः किती प्रती घेणार?

पुढच्या वर्षी कथा हवी असेल तर मानधनाचा आकडा आणि प्रूफची तारीख आधी लेखी पाठवा. तेवढंही जमत नसेल तर फोन करू नका.