‘एड्सने नाही, एझेडटीने माणसं मेली’ हा मेसेज खोटा आहे, एकेक मुद्दा घेऊन सांगते

गेल्या आठवड्यात तो मेसेज परत आला, यावेळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. थोडक्यात त्यात असं लिहिलंय: एचआयव्ही हा निरुपद्रवी व्हायरस आहे, एड्स होतो तो औषधांमुळे, एझेडटी (एचआयव्हीवरचं पहिलं औषध) हे कॅन्सरसाठी बनवून फेकून दिलेलं विष होतं, शास्त्रज्ञ आणि कंपनीने पैशासाठी ते बाजारात आणलं, ट्रायल बनावट होती, ते औषध आपल्याच डीएनएवर हल्ला करतं, म्हणून गोळ्या बंद करा. मी 11 वर्षं एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात, काउन्सेलर होते, असलं काहीतरी वाचून गोळ्या सोडलेली आणि मग टीबी घेऊन परत आलेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, त्यामुळे हा मेसेज बघून गप्प बसणं मला जमत नाही.

पहिला मुद्दा, एड्स औषधामुळे होतो. नुसत्या तारखा लावून बघा. 5 जून 1981 ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने लॉस एंजेलिसमधल्या 5 तरुण पुरुषांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली, तिथून ही साथ जगाला कळली. एझेडटी पहिल्यांदा एड्सच्या पेशंटला दिलं गेलं जुलै 1985 मध्ये आणि त्याला मंजुरी मिळाली मार्च 1987 मध्ये. मग मधल्या वर्षांत जी हजारो माणसं गेली त्यांनी कुठलं औषध घेतलं होतं? आपल्याकडे 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमला पहिले पॉझिटिव्ह सॅम्पल सापडले तेव्हा ज्यांचे ते सॅम्पल होते त्या बायकांनी एझेडटीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

आणि याहून पक्का पुरावा ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटचा आहे. त्यांना रक्तापासून बनवलेलं क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं औषध, घ्यावं लागायचं, त्यातल्या काही बॅचमध्ये एचआयव्ही होता आणि काहींत नव्हता, म्हणजे आजार तोच, उपचार तोच, फरक फक्त व्हायरसचा. 1995 मध्ये त्याचे आकडे आले. गंभीर हिमोफिलिया असलेल्या पण एचआयव्ही नसलेल्यांमध्ये वर्षाला हजारी 8 मृत्यू, आधी होते तेवढेच, आणि एचआयव्ही झालेल्यांमध्ये हा आकडा 1991-92 पर्यंत 81 वर गेला. शिवाय ही वाढ एझेडटी मिळायला लागायच्या आधीच, 1985-86 मध्ये सुरू झालेली दिसते. व्हायरस निरुपद्रवी म्हणणाऱ्याने आधी या आकड्याचं उत्तर द्यावं.

दुसरा मुद्दा, कॅन्सरचं फेकून दिलेलं विष. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. 1964 मध्ये डेट्रॉइटला शास्त्रज्ञ जेरोम हॉर्विट्झ यांनी हे कंपाउंड ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, बनवलं, उंदरांमध्ये चाललं नाही, त्यांनी ते बाजूला ठेवलं. पण बाजूला ठेवलं कारण कॅन्सरवर उपयोग झाला नाही. आणि 1974 मध्येच जर्मनीत वोल्फराम ओस्टरटाग यांनी दाखवलं होतं की उंदरांच्या एका रेट्रोव्हायरसला (आरएनएवरून डीएनए बनवणारा व्हायरस, एचआयव्हीही त्यातलाच) ते रोखतं, पण तेव्हा माणसाला आजारी पाडणारा रेट्रोव्हायरस कोणाला माहीतच नव्हता म्हणून तिकडे कोणी बघितलं नाही.

आता ज्या शास्त्रज्ञावर मेसेजमध्ये सगळ्यात जास्त राग आहे त्यांच्याबद्दल, हिरोआकी मित्सुया. जपानच्या नैऋत्येला, क्युशू बेटावर, एक ल्युकेमिया खूप आढळायचा, तो होतो एचटीएलव्ही-1 मुळे, माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस. मित्सुया तिथल्याच कुमामोतो विद्यापीठातले डॉक्टर. 1982 मध्ये ते अमेरिकेत नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सॅम्युअल ब्रोडर यांच्याकडे आले ते याच व्हायरसवर काम करायला, म्हणजे एड्सवर औषध शोधायला आलेले नव्हते. मग एड्सचा व्हायरस सापडला, तोही रेट्रोव्हायरस निघाला, आणि ब्रोडर यांनी ठरवलं की औषध शोधायचं. सहकाऱ्यांना तो जिवंत व्हायरस आपल्या लॅबमध्ये नको होता, त्या काळात ती भीती समजण्यासारखी आहे, तर हा माणूस संध्याकाळनंतर, या व्हायरसवर आधीच काम करणाऱ्या रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबमध्ये जाऊन काम करायचा. त्यांच्या टेस्टची कल्पना साधी होती. एचआयव्ही टाकला की पटापट मरतील अशा टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी, एचआयव्ही यांनाच मारतो) त्यांनी तयार केल्या, नळीत पेशी आणि व्हायरस दोन्ही टाकायचे, कुठल्या नळीत कुठलं कंपाउंड ते लिहून ठेवायचं, आणि काही दिवसांनी बघायचं की कुठल्या नळीतल्या पेशी वाचल्या. फेब्रुवारी 1985 मध्ये बरोज वेलकम कंपनीने ‘कंपाउंड एस’ अशा खुणेने एक सॅम्पल पाठवलं होतं, त्या नळीतल्या पेशी जिवंत राहिल्या. तेच एझेडटी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा पेपर छापून आला. ज्याला ‘विष’ म्हणतात त्याची पहिली परीक्षाच ही होती की व्हायरस मरावा पण पेशी मरू नयेत.

तिसरा मुद्दा, बनावट ट्रायल. आधी 19 पेशंटवर छोटा प्रयोग झाला, त्यात 15 जणांच्या हेल्पर टी-पेशी वाढल्या. मग 282 पेशंटची मोठी ट्रायल झाली, 145 जणांना औषध, 137 जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी. सप्टेंबर 1986 मध्ये ती मधेच थांबवली आणि मेसेजवाला हेच बोट दाखवतो की बघा पूर्ण केली नाही. का थांबवली ते तो सांगत नाही. तोपर्यंत प्लासिबोवाल्यांमध्ये 19 मृत्यू झाले होते आणि औषधवाल्यांमध्ये 1. हे दिसल्यावर उरलेल्यांना साखरेच्या गोळ्या देत राहणं पाप झालं असतं, म्हणून सगळ्यांना औषध दिलं. कुठल्या पेशंटने ओळखलं असेल की आपल्याला कुठली गोळी मिळतेय, अशी टीका तेव्हाही झाली, पण गोळी ओळखल्याने 19 चा 1 होत नाही.

डीएनएचा मुद्दा जरा समजून घ्यायला लागेल. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो, त्यासाठी त्याच्याकडे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम असतं. डीएनए म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्यांची साखळी धरा. एझेडटी दिसायला त्यातल्या थायमिडिन नावाच्या कडीसारखं, पण पुढची कडी अडकवायची जागाच त्यात नाही, तिथे दुसरा गट बसवलेला आहे. व्हायरसचं एन्झाइम फसतं, ती कडी लावतं आणि साखळी तिथेच संपते. आपल्या पेशींच्या केंद्रकातली एन्झाइमं एवढी सहज फसत नाहीत, मात्र पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामधलं एन्झाइम थोडं फसतं आणि जिथे रक्त तयार होतं त्या अस्थिमज्जेलाही त्रास होतो. म्हणजे साइड इफेक्ट खरे आहेत, कोणी लपवले नाहीत, त्या 1987 च्या ट्रायलच्या पेपरमध्येच छापलंय की औषध घेणाऱ्या 24 टक्के पेशंटचं हिमोग्लोबिन 7.5 च्या खाली गेलं. तेव्हा डोस प्रचंड होता, ट्रायलमध्ये दर 4 तासांनी मिळून दिवसाला 1500 मिलिग्रॅम, लोक रात्री गजर लावून उठायचे. 1990 मध्ये तो 500-600 वर आणला. आमच्या सेंटरलासुद्धा झिडोव्हुडिन, म्हणजे हेच एझेडटी, सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय गोळी हातात पडत नव्हती, आणि नंतर कमी झालं की डॉक्टर गोळी बदलायचे.

आणि हो, कॉन्कॉर्ड नावाच्या एझेडटीच्या नंतरच्या एका ट्रायलचंही नाव मेसेजमध्ये आहे. त्यात इतकंच दिसलं की लक्षणं नसताना लवकर एकटं एझेडटी सुरू करून आयुष्य वाढत नाही, कारण व्हायरस बदलतो आणि एकट्या औषधाला दाद देत नाही. त्यातूनच तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, आणि 1996 ते 1997 या एका वर्षात अमेरिकेत एड्सचे मृत्यू 47 टक्क्यांनी घटले. औषधाने माणसं मरत असती तर जास्त औषधं दिल्यावर मृत्यू वाढायला हवे होते. गरोदर बायकांचं तर आणखी स्पष्ट आहे, 1994 मध्ये फक्त एझेडटी देऊन बाळाला लागण होण्याचं प्रमाण 25.5 टक्क्यांवरून 8.3 वर आलं.

पैशाबद्दलचा राग मला मान्य आहे. सुरुवातीला वर्षाला 8 ते 10 हजार डॉलर किंमत होती, ती अन्याय्यच होती आणि लोक रस्त्यावर उतरले ते बरोबरच केलं. पण त्यावर उपाय काय झाला ते बघा ना. मित्सुया आणि ब्रोडर एझेडटीवर थांबले नाहीत, 1986 मध्येच त्यांनी डीडीआय आणि डीडीसी ही दोन कंपाउंड दाखवली, दोन्ही पुढे औषधं झाली. नंतर मित्सुया यांनी कोलकात्यात शिकलेले केमिस्ट अरुण घोष यांच्याबरोबर दारुनाविर या एचआयव्हीवरच्या औषधावर काम केलं, 2006 मध्ये ते मंजूर झालं, व्हायरस बदलला तरी टिकून राहणारं औषध, आणि त्याच्या अमेरिकी सरकारकडच्या पेटंटचे हक्क 2010 मध्ये मेडिसिन्स पेटंट पूलला, म्हणजे गरीब देशांना स्वस्त औषधं मिळावीत म्हणून पेटंटचे हक्क गोळा करणाऱ्या संस्थेला, दिले. आपल्या मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्ये तीन औषधांचा वर्षाचा कोर्स 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. 1 एप्रिल 2004 पासून आपल्याकडे सरकारी एआरटी फुकट आहे, मुंबईचं जेजे पहिल्या केंद्रांपैकी एक. गोळ्या फुकट मिळतायत, तर त्या सोडून पेशंट कोणाचा नफा थांबवणार आहे?

हा मेसेज खरा मानला तर काय होतं ते एका देशाने भोगलंय. 1987 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांनी एचआयव्हीमुळे एड्स होत नाही असं मांडलं, आणि 2000 नंतर दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या सरकारने ते मनावर घेऊन औषधं रोखून धरली. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशोब केला, 2000 ते 2005 मध्ये 3 लाख 30 हजारांहून जास्त जीव वाचू शकले असते.

आमच्या ग्रुपमध्ये ज्यांनी तो मेसेज टाकला त्या काकांना मी फोन केला, त्यांनी तो डिलीट केला. पण तो अजून फिरतोय, आणि वाचणाऱ्यांत कोणीतरी असेल ज्याच्या गोळ्या महिनाभर सुटल्यात. तुम्ही असाल तर कार्ड घेऊन सेंटरला जा, हरवलं असेल तर तसेच जा, गोळ्या किती दिवस सुटल्या ते खरं सांगा, ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, बघतील आणि पुढचं ठरवतील. उशीर झाला म्हणून आणखी उशीर करू नका.