आमच्या पंधरा मॅच कुठे गेल्या?

"तुमची टीम तशीही हरतच होती ना, मग पंधरा मॅच कमी झाल्या तर काय बिघडलं?" मार्च २०२० मध्ये करोनामुळे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा सीझन थांबला आणि माझ्या टीमच्या, अटलांटा हॉक्सच्या, पंधरा मॅच झाल्याच नाहीत. तेव्हापासून ऑगस्टपर्यंत हे वाक्य मी पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीत, घरी जेवतानासुद्धा. डोकं फिरायची वेळ आली होती.

अरे, सगळंच बिघडलं! अटलांटा हॉक्स बघणारा माणूस प्लेऑफसाठी, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी बघत नसतो. २० जिंकल्या, ४७ हरल्या, मला तोंडपाठ आहे. पण नव्याने उभी राहणारी टीम खरी दिसते ती सीझनच्या शेवटी, पोरं एकमेकांना ओळखून खेळायला लागतात तेव्हा. आमचा जॉन कॉलिन्स २५ मॅच बंदीमुळे बाहेर. हंटर आणि रेडिश, दोघेही रुकी, पहिलाच सीझन. फेब्रुवारीत क्लिंट कॅपेला आला, तर टाचेच्या दुखण्यामुळे एक मिनिट खेळला नाही. आमच्या ट्रे यंगने बॉल वर टाकलाय आणि कॅपेलाने तो हवेतच पकडून बास्केटमध्ये कोंबलाय, हे बघायला मी थांबलो होतो. थंडीत अंधारात उठून बघितलेले ते सगळे पराभव म्हणजे माझे हप्ते होते. हप्ते घेतले आणि ताब्याच्या वेळी साइटच बंद केली!

१२ मार्चची सकाळ मी विसरणार नाही. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून निक्सविरुद्धची मॅच बघत होतो. ट्रेचे ४२ पॉइंट, मॅच ओव्हरटाइममध्ये. मध्येच बातमी आली, युटाचा खेळाडू रूडी गोबेअर करोना पॉझिटिव्ह, सीझन थांबवला. इकडे मॅच चालूच. लोक आमच्या व्हिन्स कार्टरच्या नावाने ओरडायला लागले, कोचने त्याला पुन्हा आत पाठवलं आणि त्याने थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट मारला. आम्ही १३६-१३१ हरलो, पण कोणाला पडली होती! ४३ वर्षांचा माणूस, २२वा सीझन. १९९९मध्ये सुरुवात केली ती मालक-खेळाडूंच्या वादातल्या लॉकआउटने ५० मॅचवर आणलेल्या सीझनमध्ये, आणि शेवटही असाच तोडलेला. जूनमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. धड निरोपाची एक मॅच नाही. आई चहा घेऊन आली तेव्हा मी नुसता बसून होतो.

मार्चमध्ये खेळ थांबवला ते बरोबरच होतं, माणसांच्या जिवापुढे बास्केटबॉल काय. माझा राग जूनचा आहे. उरलेला सीझन खेळायला ३० पैकी २२ टीमना ऑरलँडोला बोलावलं आणि आम्हा आठ जणांना दार बंद. वॉशिंग्टनला बोलावलं. किती जिंकल्या होत्या त्यांनी? २४! तिथे जाऊन आठपैकी एक जिंकले. आणि फीनिक्स बघा. आमच्यासारखीच पोरांची टीम, त्याआधीच्या वर्षी १९ विजय. यांना आठ मॅच मिळाल्या, आठही जिंकल्या. प्लेऑफ हुकलं तरी चालेल, त्या पोरांना कळलं ना आपण काय करू शकतो! त्यांच्या डेव्हिन बुकरला जे मिळालं ते ट्रेला का नको? आमच्यासाठी शिकागोत वेगळं काहीतरी होणार अशी नुसती चर्चा झाली आणि हवेत विरली.

बरं, हरल्याचं फळ तरी पदरात पडावं? हरतालिकेच्या दिवशी सकाळी ड्राफ्टची लॉटरी होती, म्हणजे नवे खेळाडू निवडायला कुठल्या टीमचा नंबर कितवा ते ठरणार होतं; जास्त हरलेल्यांना वरच्या नंबरची संधी जास्त. घरात गणपतीच्या आदल्या दिवसाची धावपळ, आणि मी कोपऱ्यात मोबाइल घेऊन. खालून चौथे आम्ही, आणि नंबर आला सहावा. शार्लट आणि शिकागो आमच्या डोक्यावरून वर गेले. खेळायला नालायक ठरवलं ते कमी विजयांमुळे, आणि त्या कमी विजयांचा फायदाही नाही. मग ६७ मॅच आम्ही कशासाठी सोसल्या?

पुढचा सीझन कधी, तेही नक्की नव्हतं. तोवर विशी-बाविशीतल्या पोरांनी काय करायचं? रिकाम्या जिममध्ये एकट्याने शॉट मारत बसायचं?

त्यानंतर ऑगस्टमधल्याच एका सकाळी पुन्हा जाग आली, गजर न लावता. प्लेऑफ चालू होते. बघितले नाहीत. कॅपेलाला आणून साडेसहा महिने झाले होते, हॉक्सच्या जर्सीत खेळताना मी त्याला तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.