'भीक' हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून

नमस्कार,

शिक्षकांच्या वर्गांसाठी देणग्या जमवणाऱ्या 'डोनर्सचूज' या अमेरिकी संकेतस्थळावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं आणि मग उत्तर द्यायला बसले. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. एक, संस्थेच्या स्थापनेचं साल मी चुकवलं. दोन, अमेरिकेतल्या शिक्षकांना इंटरनेटवर भीक मागायला लावणाऱ्या संस्थेचे मी गोडवे गायले. शाळेला वह्या-पुस्तकं पुरवणं सरकारचं काम आहे. ज्याला छान लिहिता येतं त्याच्याच वर्गाला मदत मिळते. देणगीतून संस्था स्वतःला किती ठेवते ते मी सांगितलं नाही. आणि शेवटी, 'भावनेच्या भरात लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा.'

साल चुकलं, मान्य. मी २००३ लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी ही संस्था २००० साली सुरू केली. ओप्रा विन्फ्री यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे ती २००३ मध्ये लोकांना ठाऊक झाली आणि माझ्या डोक्यात तेच साल बसलं होतं. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे. हे तुम्ही दाखवलंत, त्याबद्दल आभार.

पण अभ्यासाचं म्हणाल, तर मी इथे अमेरिकेतल्याच सरकारी शाळेत बारा वर्षं बीजगणित शिकवते आहे. माझा अभ्यास तिथेच झाला.

आता 'भीक'. हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, म्हणून त्याच्यावर थांबते.

भीक मागणाऱ्याच्या हातात पैसे पडतात. इथे शिक्षकाच्या हातात एक सेंटही पडत नाही. शिक्षक कोणत्या वस्तू हव्यात याची यादी करतो, त्यांचं वर्गात काय करणार ते लिहितो. देणगीदार यादी वाचून पैसे देतात. रक्कम पूर्ण जमली की संस्था स्वतः खरेदी करते आणि खोकी शाळेच्या पत्त्यावर पाठवते. मुदतीत रक्कम जमली नाही, तर देणगीदाराला तेच पैसे दुसऱ्या वर्गासाठी देता येतात. साहित्य आल्यावर शिक्षकाला वर्गाचे फोटो आणि आभाराचं पत्र पाठवावं लागतं, काही वेळा मुलांची पत्रंही. एवढा काटेकोर हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाला तुम्ही भिकारी म्हणता?

माझं नोकरीचं पहिलं वर्ष सांगते. एका वर्गात चौतीस मुलं आणि आलेख काढून दाखवणारे ग्राफिंग कॅल्क्युलेटर एकोणीस, त्यातले चार बंद. एक नग शंभर डॉलरच्या वर. ऑक्टोबरमध्ये मी मागणी केली तेव्हा यंदाचे पैसे संपले असं उत्तर मिळालं. झेरॉक्सच्या प्रतींवरही महिन्याची मर्यादा होती. ती संपली की कागद मी विकत आणायचे, पेन्सिलीही. ह्यात मी एकटी नव्हते. इथल्या केंद्र सरकारच्या पाहणीत २०१४-१५ या शालेय वर्षात सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी खिशातून खर्च केल्याचं आढळलं, सरासरी ४७९ डॉलर. करपात्र उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटीची मर्यादा तेव्हा २५० डॉलर होती, २०२२ मध्ये ती ३०० झाली. शिक्षक स्वतःचा पगार वर्गात ओततो तेव्हा त्याला कुणी भीक म्हणत नाही, त्याग म्हणतात. तोच शिक्षक यादी करून चारचौघांत मागतो, की लगेच त्याची इज्जत जाते. हे मला कळत नाही आणि पटतही नाही.

मी 'डोनर्सचूज'वर मागितलं. तीन संध्याकाळी बसून लिहिलं, दोनदा खोडलं, कारण तुमच्याच डोक्यातला तो शब्द माझ्याही डोक्यात होता. सात आठवड्यांनी पंधरा कॅल्क्युलेटर आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने देणगीदाराला पत्रात लिहिलं, की आता शेजारणीचं उदाहरण संपायची वाट बघावी लागत नाही. ते वाक्य लिहिताना तिची मान खाली नव्हती. तुम्ही कधी चौतीस मुलांसमोर उभे राहिला आहात का? मला नाही वाटत. हे वाक्य काढावं असं मनात आलं होतं, पण राहू देते.

सरकारचं म्हणाल, तर कोणतं सरकार? इथल्या शाळांना केंद्राकडून साधारण दहावा हिस्सा मिळतो; बाकीचं राज्य आणि स्थानिक कर, त्यात मोठा वाटा घरपट्टीचा. त्यामुळे महागड्या घरांच्या वस्तीतली शाळा श्रीमंत. हे बदलायला हवं, मीही मतदान करते, सभांना जाते. पण ते बदलेपर्यंत माझी नववी थांबून राहत नाही.

छान लिहिणाऱ्यालाच मिळतं, हा मुद्दा मी लांबवत नाही. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं, तरी मिळालं. आणि २०१८ मध्ये रिपल या कंपनीने २ कोटी ९० लाख डॉलर देऊन त्या दिवशी संकेतस्थळावर असलेल्या पस्तीस हजारांहून अधिक मागण्या एकदम पुऱ्या केल्या. चांगलं लिहिलेल्या, वाईट लिहिलेल्या, सगळ्या. संस्थेच्या खर्चाचा भाग देणगी देताना वेगळा दाखवतात आणि नको असेल तर तो काढता येतो. तुम्ही एकदा देणगी द्यायला गेला असतात तर हे तुम्हालाच दिसलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा खाली नाव मात्र लिहा. माझं नाव लेखावर आहे, आणि त्या वर्षीच्या माझ्या यादीवरही होतं.